बाथरूममधला बॉम्बर

रविवारची सकाळ. म्हणजे माझ्या घड्याळात साडेदहा. डोळे चोळत फोन बघितला, तर दादाने फोटो पाठवलेला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. आयटीवाला. कंपनीने त्याला दीड वर्षासाठी जर्मनीत, श्टुटगार्टला धाडलंय. आता परदेशी गेलेला माणूस फोटो कसले पाठवतो? किल्ल्याचे, बर्फाचे, नाहीतर चीजचे. याने काय पाठवावं? बाथरूमचा! भिंतीवर एक जुनाट पांढरा डबा, खालून निघालेल्या दोन तांब्याच्या नळ्या, आणि डब्यावर ठसठशीत अक्षरं... ‘युंकर्स’. खाली दादाची कॉमेंट, ‘ओळख बघू!’

मी ओळखलं नसतं तर बहुतेक दादाने नातंच तोडलं असतं. कारण डोंबिवलीला मामाच्या घरी, बाहेरच्या खोलीत, पंख्यापासून हातभर लांब एक विमान दोऱ्याला लटकत असायचं. प्लॅस्टिकचं, किट आणून रात्र रात्र जागून चिकटवलेलं. ‘डब्ल्यू’सारखे वाकडे पंख, खाली दोन जाडजूड चाकं. ‘हात लावायचा नाही. जंकर्स आहे. श्टुका. दुसऱ्या महायुद्धातला डाइव्ह बॉम्बर!’ हे दादाचं वाक्य आम्हा सगळ्या भावंडांना पाढ्यासारखं पाठ होतं. (मी पाचवीत असताना त्याचं एक चाक तोडलं. ते अजून ऐकून घेतेय.) जर्मन लोक त्या नावातल्या ‘ज’चा ‘य’ करतात, हे दादाला श्टुटगार्टला गेल्यावर कळलं!

मी लगेच फोन लावला. तिकडे सकाळचे सातही वाजले नसतील.

‘अरे, तुझ्या बाथरूममध्ये बॉम्बर लावलाय!’

‘तेच तर! रोज त्याच्या खाली उभा राहून अंघोळ करतोय. गिझर आणि श्टुका, दोन्ही एकाच कंपनीचे कसे गं? तू पत्रकार ना? शोध जरा.’ मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, ‘आणि ते ५१ टक्क्यांचंही बघ.’

५१ टक्क्यांचं असं आहे. दादा आणि त्याचे दोन मित्र गेली दोन वर्षं नोकऱ्या सांभाळून, रात्री बसून, छोट्या दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवताहेत. अपॉइंटमेंट, केसपेपर, बिलं, सगळं एका ठिकाणी. तीसेक डॉक्टर ते वापरतातही. आता एका कंपनीला त्यात पैसे घालायचेत. बदल्यात हवाय ५१ टक्के हिस्सा. पैसा चांगला आहे. पण ५१ म्हणजे उद्यापासून मालक ते. दादाची झोप उडालीय. करारनाम्याचा भलामोठा गठ्ठा त्याने मला मेल केलेला, कारण घरात इंग्रजी बारीक टाइप शेवटपर्यंत वाचायची सवय म्हणे फक्त मला!

मग मी दोन्ही होमवर्क एकदमच काढले. आणि दोन्हींची उत्तरं मला एकाच माणसाच्या गोष्टीत सापडली. त्याचीच ही गोष्ट.

आधी गिझर, मग विमान

ह्यूगो युंकर्स. जन्म ३ फेब्रुवारी १८५९, जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतातलं राइट नावाचं गाव. घरची कापडगिरणी. शिकून इंजिनीअर झाले आणि १८८८ मध्ये देसाऊ नावाच्या शहरात आले. काम होतं गॅसवर चालणारी इंजिनं बनवायचं. आता इंजिन सुधारायचं तर त्यात जाणाऱ्या गॅसमध्ये नक्की उष्णता किती, हे मोजता यायला हवं. मग युंकर्स यांनी मोजायचं यंत्रच बनवलं. कॅलरीमीटर. १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

आयडिया अगदी साधी. एका बाजूने गॅस जळत ठेवायचा, त्याच्या आचेवरून थंड पाणी वाहतं ठेवायचं. पाणी किती गेलं आणि किती अंशांनी तापलं हे बघितलं, की गॅसमधली उष्णता कळली! शास्त्रज्ञ इथे थांबला असता. पण युंकर्स यांच्या लक्षात आलं, की अरे, यात पाणी तर छान गरम होतंय. साठवायला नको, थांबायला नको, नळ सोडला की जाता जाता तापतंय.

तुमच्या-माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या बाहेर लावलेला गॅस गिझर असतो ना? नळ सोडला की ‘भप्प’ करून पेटणारा? तोच प्रकार. आता असा गिझर काही युंकर्स यांनी पहिल्यांदा बनवला नाही. तो मान इंग्लंडच्या बेंजामिन मॉन यांचा, साल १८६८. ‘गिझर’ हे नाव आलं आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यांवरून. पण युंकर्स यांच्याकडे मोजमाप होतं. कुठे किती उष्णता वाया जाते हे त्यांना आकड्यात कळत होतं. ती वाचवणारे हीटर त्यांनी बनवले, आणि १८९५ मध्ये देसाऊमध्ये ‘युंकर्स अँड कंपनी’ सुरू झाली. धंदा जोरात चालला. १८९७ मध्ये तर ते आखनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत प्रोफेसरही झाले. इकडे लेक्चर, तिकडे फॅक्टरी. गिझरमधून येणारा पैसा पुढच्या प्रयोगांत घालायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

पत्र्याचं गाढव

आखनमध्ये त्यांचे एक सहकारी होते, हान्स राइसनर. विमानवेडे. त्यांच्या विमानाला धातूचे पंख हवे होते. पातळ पत्र्याचं काम येतं कुणाला? गिझरवाल्यांना! १९१२ मध्ये उडालेल्या त्या विमानाचे नालीदार पत्र्याचे पंख युंकर्स यांच्या फॅक्टरीने बनवून दिले. आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रोफेसरांना विमानाचा नाद लागला तो कायमचा.

तेव्हाची विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि सगळीकडून आवळलेल्या तारा. पतंगाची मोठी आवृत्तीच म्हणा. युंकर्स म्हणाले, हे सगळं काढा. पंख जाड करा, आधाराची सगळी ताकद त्याच्या पोटात लपवा, बाहेर एकही तार नको. या कल्पनेचं पेटंट त्यांनी १९१० मध्येच घेऊन ठेवलं होतं. आणि १२ डिसेंबर १९१५ ला त्यांचं ‘जे १’ हे संपूर्ण धातूचं विमान बर्लिनजवळच्या ड्योबेरिट्झला उडालं. पोलादी पत्र्याचं, वजनदार. लोकांनी नाव ठेवलं ‘पत्र्याचं गाढव’! गाढव जड होतं, चढायला आळशी होतं. पण त्या गाढवाचं बघून पुढे सगळ्या जगाने लाकूड-कापड सोडलं. आज तुम्ही पुणे-दिल्ली ज्यात बसता, त्याच्या पंखांना बाहेरून तारा नसतात, त्याचं मूळ या गाढवात आहे.

पुढे पोलादाच्या जागी हलकं ड्युरॅल्युमिन आलं, आणि बाहेरचा पत्रा नालीदार झाला. का? आपल्याकडे शेडवर सपाट पत्रा न टाकता नालीदार का टाकतात? तर सपाट पत्रा हाताने वाकतो, नाली पाडली की तोच पत्रा ताठ उभा राहतो. वजन न वाढवता ताकद वाढते. युंकर्स यांच्या विमानांची ओळखच ती झाली. एअरपोर्टवर कुणीतरी आढ्यतेने ओढत नेत असलेली खोबणीदार ॲल्युमिनियमची रिमोवा बॅग बघितलीय? कोलोनच्या या कंपनीने १९५० मध्ये बॅगेवर त्या खोबणी आणल्या, त्या युंकर्सच्या विमानांवरून. आता त्या बॅगेकडे बघताना शेडचा पत्रा आठवला तर मला दोष देऊ नका!

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकते, नाहीतर प्रोफेसर फारच साधूपुरुष वाटायचे. ‘जे १’ उडालं तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. युंकर्स यांनी लष्करासाठी चिलखती विमानं बनवली, दोनशेहून जास्त. सरकारने १९१७ मध्ये त्यांना जबरदस्तीने फोकर कंपनीशी जोडलं, तेही त्यांनी चालवून घेतलं. लष्कराचा पैसा त्यांच्या फॅक्टरीत आला तो असा. तो पुन्हा येणार होता.

चार सीट, बंद केबिन, सीटबेल्ट

युद्ध संपलं. जर्मनी हरला. आणि साठ वर्षांच्या प्रोफेसरांनी जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटतं. तेव्हा बाकीचे लोक जुन्या बॉम्बरमध्येच खुर्च्या टाकून प्रवासी नेत होते. युंकर्स यांच्या टीमने, ओटो रॉइटर हे त्यांचे डिझाइनर, कोरी पाटी घेतली. फक्त प्रवाशांसाठी नवं विमान. एफ १३. पहिलं उड्डाण २५ जून १९१९. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच्या बरोब्बर तीन दिवस आधी!

चार प्रवासी. बंद, ऊबदार केबिन. गुबगुबीत सीट्स, सीटबेल्ट. (पायलट बिचारे पुढे जवळजवळ उघड्यावर, वारा खात.) अख्खं विमान धातूचं, त्यामुळे पावसात कुजत नव्हतं, उन्हात आकसत नव्हतं. कोलंबियात नदीवर उतरायला त्याला चाकांऐवजी तराफे लावले, इराणमध्ये ते वाळवंटावरून उडालं. तीनशेहून जास्त बनली. ज्या काळात ‘विमान’ म्हटलं की लोकांना मशीनगन आठवायची, त्या काळात एक माणूस म्हणत होता, की विमान म्हणजे बस. लोकांना एकमेकांच्या गावी नेणारी.

त्यासाठी त्यांनी स्वतःची विमान वाहतूक कंपनीही काढली. १९२३ मध्ये वेगळी इंजिन कंपनी काढली. तिच्या इंजिनांचं नाव ‘युमो’. त्यातलं सगळ्यात वेगळं होतं ते विमानाचं डिझेल इंजिन. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, मध्ये इंधन पेटतं आणि दोघं एकमेकांपासून लांब ढकलले जातात. प्रोफेसरांनी गॅस इंजिनाच्या दिवसांत धरलेला हट्ट चाळीसेक वर्षांनी आकाशात उडाला. एप्रिल १९२८ मध्ये युंकर्सच्याच ‘ब्रेमेन’ नावाच्या विमानाने आयर्लंडहून निघून कॅनडाचा किनारा गाठला. पूर्वेकडून पश्चिमेकडे, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत, न थांबता उत्तर अटलांटिक ओलांडणारं ते पहिलं विमान.

देसाऊ शहराचीही तेव्हा ऐट होती. १९२५ मध्ये बाउहाउस ही जगप्रसिद्ध डिझाइन शाळा तिथे आली. तुमच्या ऑफिसातल्या स्टीलच्या नळीच्या खुर्चीचे पूर्वज तिथले. एकाच गावात एकीकडे नवी खुर्ची, दुसरीकडे नवं विमान. काय दिवस असतील!

पहिली गाठ

पण...

हा ‘पण’ रशियात आहे. तहामुळे जर्मनीत लष्करी विमानं बनवायला बंदी. मग जर्मन लष्कराने गुपचूप रस्ता काढला. १९२२ मध्ये मॉस्कोजवळच्या फिली गावी विमानांची फॅक्टरी काढायचं ठरलं, आणि ती चालवायला घेतली युंकर्स यांनी. लष्कर पैसे देणार, कुणाला काही बोलायचं नाही. पैसे पुरेसे आले नाहीत, ऑर्डर ठरल्याप्रमाणे आल्या नाहीत, फॅक्टरी तोट्यात गेली. सरकारी कर्ज डोक्यावर बसलं आणि त्या ओझ्याखाली प्रोफेसरांची लाडकी विमान वाहतूक कंपनी हातातून सुटली. ६ जानेवारी १९२६ ला ती दुसऱ्या एका कंपनीत मिसळून ‘डॉइचे लुफ्ट हान्सा’ तयार झाली. तिच्या बड्या अधिकाऱ्यांमध्ये होता एअरहार्ड मिल्ख. आधी युंकर्स यांच्याच कंपनीत नोकरी केलेला. हे नाव लक्षात ठेवा.

मग १९२९ ची जागतिक मंदी आली. विमानं कोण घेणार? १९३२ मध्ये कंपनीच्या तिजोरीत खडखडाट झाला. बँका दारात. विकण्यासारखी आणि चालणारी एकच वस्तू होती, गिझरची फॅक्टरी. ज्या दुभत्या गाईच्या जिवावर पत्र्याच्या गाढवापासून सगळं उभं राहिलं, ती! प्रोफेसरांनी काळजावर दगड ठेवला आणि १९३२ मध्ये ‘युंकर्स अँड कंपनी’ बॉशला विकली. श्टुटगार्टची बॉश. दादा, तुझ्या बाथरूमचं उत्तर इथे आहे. विमानं वाचवण्यासाठी गिझर विकला.

आणि विमानं वाचली किती दिवस? एक वर्षसुद्धा नाही.

५१ टक्के

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. नव्या राजवटीला हवाई दल उभं करायचं होतं आणि देशातली मोठी विमान कंपनी एका म्हाताऱ्या, डोकेबाज, लोकशाहीवाल्या प्रोफेसराच्या हातात होती. विमान मंत्रालयात आता दोन नंबरच्या खुर्चीवर बसला होता तोच मिल्ख, युंकर्स यांचा जुना नोकर.

आधी पेटंट मागितली. देशद्रोहाच्या खटल्याची धमकी दिली. आठवतं ना रशियाचं प्रकरण? जे लष्करानेच करायला लावलं होतं, तेच आता त्यांच्या गळ्यात बांधलं. जून १९३३ मध्ये प्रोफेसरांनी पेटंट सोडली. वाटलं असेल, आता तरी सोडतील. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली आणि दुसरा कागद पुढे आला. विमान आणि इंजिन कंपनीचे शेअर्स. किती? ५१ टक्के.

७४ वर्षांच्या माणसाने सही केली.

मग देसाऊला यायची बंदी. स्वतःच्या गावात, स्वतःच्या फॅक्टरीत पाऊल टाकायचं नाही. बव्हेरियात नजरकैद. ३ फेब्रुवारी १९३५ ला म्युनिकजवळच्या गाउटिंगमध्ये ते गेले. त्या दिवशी त्यांचा ७६ वा वाढदिवस होता. उरलेला हिस्सा सरकारने त्याच वर्षी त्यांच्या पत्नी टेरेझे यांच्याकडून घेतला. १९३६ मध्ये विमान आणि इंजिन या दोन्ही कंपन्या एक करून पाटी लावली ‘युंकर्स विमान आणि इंजिन कारखाना’. मालक सरकार. नाव मात्र ठेवलं. चांगलं नाव कोण सोडतं?

आणि श्टुका? त्याचं पहिलं उड्डाण १७ सप्टेंबर १९३५ चं. प्रोफेसरांना जाऊन सात महिने झाले होते! (पहिल्या नमुन्यात इंजिन चक्क इंग्रजांचं, रोल्स-रॉइसचं होतं.) सूर मारताना किंचाळणारा भोंगा त्याला पुढे बसवला, खालच्या माणसांनी घाबरून पळावं म्हणून. दादाच्या पंख्याजवळच्या विमानावर ज्या माणसाचं नाव होतं, त्याने ते विमान उडताना कधी बघितलंच नाही.

एप्रिल १९३७ मध्ये स्पेनच्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, पिकासोच्या चित्रातलं गेर्निका. ते टाकणाऱ्यांत युंकर्सची यू ५२ विमानं होती. मुळात कशासाठी बनवली होती ती? प्रवाशांसाठी. लुफ्तहान्साची आवडती, जर्मन लोक जिला लाडाने ‘यू मावशी’ म्हणायचे ती. पुढे यू ८८ बॉम्बर आला, तो तर १५ हजारांच्या आसपास बनवला. युमो ००४ हे जेट इंजिन आन्झेल्म फ्रान्झ यांच्या टीमने बनवलं आणि जुलै १९४२ मध्ये मेसरश्मिट २६२ हे लढाऊ विमान त्यावर उडालं. आजच्या विमानांची जेट इंजिनं हवा ज्या पद्धतीने दाबत दाबत सरळ मागे नेतात, ती पद्धत त्यात होती. पण चांगले धातू मिळत नव्हते, म्हणून ते इंजिन दहा ते पंचवीस तासांत बाद व्हायचं. ते बनवणारेही सगळे पगारी कामगार नव्हते. नॉर्डहाउझेनजवळ डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांत गुलामासारखे राबवलेले मजूर होते. त्या कारखान्यावरही नाव होतं ‘युंकर्स’.

७ मार्च १९४५ ला देसाऊवर बॉम्ब पडले आणि शहर उद्ध्वस्त झालं. ऑक्टोबर १९४६ मध्ये रशियनांनी इंजिनीअरांना बायकापोरांसकट रेल्वेत बसवून सोव्हिएत युनियनला नेलं. रशियाच्या टी यू-९५ या अवाढव्य बॉम्बरच्या इंजिनात त्यांचा हात आहे. आन्झेल्म फ्रान्झ अमेरिकेला गेले आणि त्यांनी तिथे हेलिकॉप्टरची इंजिनं बनवली. काही जण परत येऊन पूर्व जर्मनीत प्रवासी जेट बनवू लागले. ते १९५८ मध्ये उडालं, दुसऱ्याच उड्डाणात १९५९ मध्ये पडलं आणि १९६१ मध्ये सगळा प्रोजेक्टच गुंडाळला. पश्चिमेकडे उरलेली कंपनी साठच्या दशकात मेसरश्मिटमध्ये विरघळली. विमानं बनवणारी युंकर्स संपली.

उरलं काय? गिझर! बॉशने पुढे कित्येक दशकं हीटर आणि बॉयलर ‘युंकर्स’ नावानेच विकले. श्टुटगार्टमधल्या एका जुन्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये ते नाव अजून पाणी तापवतंय.

मग सही करायची की नाही?

सगळं वाचून झाल्यावर दादाला फोन केला. पाऊण तास बोलले. त्याने मध्ये एकदाही ‘हं’ केलं नाही. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे ५१ द्यायचे नाहीत. बरोबर?’

माझंही आधी तेच मत झालं होतं. ५१ म्हणजे धोका, संपला विषय. पण मग लक्षात आलं, की गणित तसं नाहीये. प्रोफेसरांच्या हातून दोन फॅक्टऱ्या गेल्या. एक त्यांनी नाइलाजाने का होईना, पण स्वतः विकली. ५१ नाही, पूर्ण विकली. तिने त्यांचं नाव घरोघरच्या बाथरूममध्ये ऊबदार ठेवलं. दुसरी त्यांनी जिवापाड जपली, ती हिसकावली गेली आणि तिने त्यांचं नाव किंचाळणाऱ्या विमानावर लिहिलं. फरक टक्क्यांचा नव्हता. घेणाऱ्याला त्या वस्तूचं पुढे काय करायचंय, याचा होता. बॉशला गिझरच बनवायचे होते.

आणि दुसरी गोष्ट. ऑक्टोबर १९३३ चा कागद बंदुकीच्या धाकाने आला. पण त्या कागदाला धरायला जो धागा लागला, तो १९२२ मध्ये प्रोफेसरांनी स्वतःच हातात दिला होता. ‘आत्ता पैसे घेऊ, बाकीचं नंतर बघू.’ किती वेळा म्हणतो आपण हे!

‘दादा,’ मी म्हणाले, ‘तू दहा दिवस पान दोनवरचे ५१ टक्के बघत बसलायस. पान एकोणीस वाचलंस का?’

नव्हतं वाचलं. पान एकोणीसवर, बारीक टाइपमध्ये, लिहिलं होतं की सॉफ्टवेअरमध्ये साठलेली सगळी माहिती नव्या मालकाला ‘कोणत्याही व्यावसायिक कारणासाठी’ वापरता येईल. सगळी माहिती म्हणजे काय? तीस दवाखान्यांतले केसपेपर. कुणाला शुगर आहे, कुणाचं ॲबॉर्शन झालंय, कुणाला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. ज्यांनी डॉक्टरवर विश्वास ठेवून सांगितलं आणि डॉक्टरने दादावर विश्वास ठेवून टाइप केलं.

फोनवर बराच वेळ शांतता.

‘माझी आईसुद्धा आहे गं त्यात,’ दादा म्हणाला. मामी ज्या डॉक्टरकडे जाते, ते त्याचे पहिले गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं, हे कलम सगळ्याच करारांत असतं, काळजी नसावी. दादाने परत लिहिलं, की असतं तर काढायलाही हरकत नसावी. ५१ टक्के घ्या, हवं तर जास्त घ्या, पण पान एकोणीस जाईल. मित्रांपैकी एक जण वैतागलाय. त्याच्या डोक्यावर होम लोन आहे आणि त्याचंही चुकत नाही. हे लिहितेय तोवर समोरून उत्तर आलेलं नाही. डील होईलही, फिसकटेलही.

तुमच्यापैकी बरेच जण कुठे ना कुठे सही करत असाल. ऑफर लेटर असेल, बॉण्ड असेल, नाहीतर तुम्ही केलेल्या कामाचे सगळे हक्क लिहून देणारं एखादं पान. पहिल्या पानावर आकडा असतो, तो आपण तीनदा वाचतो. जमलं तर शेवटच्या पानापर्यंतही जाऊन या. आपण नसताना आपल्या नावाने काय बनणार आहे, ते तिथे कुठेतरी लिहिलेलं असतं.

आणि हो, दादाने काल नवा फोटो पाठवलाय. गिझरचाच. पण त्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलीय, मराठीत : ‘थँक्यू, सर.’

मी त्याला एकच विचारलं, आता पाचवीतलं ते तुटलेलं चाक माफ का? म्हणाला, ‘ते वेगळं प्रकरण आहे!’